‘म्हणजे आपली चटणीच!’

पेडणे महालातील जुन्या मराठी घरांत अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते. मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांत पास्त्यावर घातलेला हिरवा पेस्टो घरातील तरुण मंडळी खाऊन येतात. तुये, पार्से अशा आतल्या गावांत परतल्यावर तो घरी करून पाहावा असे त्यांच्या मनात येते. त्यावर वडीलधाऱ्यांकडून उत्तर मिळते, ‘‘त्यात नवे ते काय? पेस्टो म्हणजे आपली चटणीच!’’ विषय तेथेच संपतो. मग पेस्टो होत नाही आणि, सांगायला खेद वाटतो, बहुतेक वेळा चटणीही होत नाही. चार दिवसांनी बाजारातून पेस्टोची बाटली येते आणि तिच्याबरोबर तयार चटणीची पुडीही येते.

हे वाक्य वरवर पाहता स्वाभिमानाचे वाटते. आमच्या मते ते आळसाचे आहे. परक्याचे नीट जाणून घेण्याचे कष्ट त्याने वाचतात आणि आपले नीट जतन करण्याचेही वाचतात. म्हणून, विषय तोंडीलावण्याचा असला तरी, या वाक्याचा सविस्तर समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम त्या वाक्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. ‘पेस्टो’ हा शब्द ‘पेस्तारे’ या इटालियन क्रियापदावरून आला; त्याचा अर्थ कुटणे, ठेचणे. शब्दाला शब्द ठेवायचा तर पेस्टो म्हणजे ‘ठेचा’. मराठी माणसाला यात आपलेपणा वाटला तर नवल नाही. परंतु शब्दांचे अर्थ जुळले म्हणून वस्तू जुळतात असे नाही. घाटावरचा मिरचीचा ठेचा आणि आपल्या घरची ओल्या नारळाची चटणी या दोन्ही गोष्टी दगडावरच होतात; तरी त्या एकच आहेत असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. मग सातासमुद्रांपलीकडची वस्तू मात्र न चाखता, न वाटता, एका वाक्यात आपल्या खात्यावर कशी जमा होते?

वस्तू काय आहे ते पाहू. पेस्टोचे माहेर इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जेनोवा हे बंदर. तेथील रूढ कृतीत सात जिन्नस असतात : बेझिलची कोवळी पाने, चिलगोजांच्या जातीच्या पाइन वृक्षाच्या बिया, लसूण, जाडे मीठ, पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन प्रकारची मुरवलेली चीज आणि ऑलिव्हचे तेल. प्रमाण साधारणतः असे : पाने ६० ते ७० ग्रॅम, बिया ३० ग्रॅम, लसणीच्या एक-दोन पाकळ्या, तेल ६० ते ८० मिलिलिटर. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने आधी लसूण व मीठ, मग पाने, मग बिया, मग चीज आणि सर्वांत शेवटी तेल, असा क्रम. पाण्याचा थेंबही घालायचा नाही आणि चुलीवर चढवायचे नाही. शिजलेला पास्ता ज्या पाण्यात उकळला त्यातले दोन चमचे पाणी पानात वाढताना मिसळले की ते वाटण सैल होते.

आता आपली हिरवी चटणी घ्या. तिचा आधार ओला नारळ; ती वाटताना पाणी लागते; ती सकाळी वाटली तर संध्याकाळी उतरते. तिला आंबटपणा चिंचेचा, लिंबाचा किंवा कैरीचा. पेस्टोत आंबट असे काहीच नाही. त्याची चव खारटपणा, तेल आणि मुरलेल्या दुधाचा वास यांवर उभी असते. एक पाण्यावरचे वाटण, दुसरे तेलावरचे. ज्या गृहिणीने दोन्ही एकदा हाताने केली आहेत ती या दोहोंना एक म्हणणार नाही.

शिवाय आणखी एक भेद आहे आणि आपल्या घरांना तो तरी कळावयास हवा. पार्मिजानो हे चीज परंपरागत नियमाप्रमाणे वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच करतात. त्यावाचून त्याला ते नाव लावता येत नाही. नारळाची चटणी आपल्याकडे नैवेद्याच्या पानात डाव्या बाजूला मानाने बसते. पेस्टो त्या पानात बसू शकत नाही. ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य होते, त्यांनीच ‘ही आपली चटणी’ असे बिनदिक्कत म्हणावे, याला काय म्हणावे?

मराठी मुलखात पेस्टोचे खरे नाते शोधायचेच असेल तर ते नारळाच्या चटणीत नसून सोलापूरकडच्या शेंगदाण्याच्या चटणीत सापडेल. भाजलेले दाणे, लसूण, तिखट आणि मीठ उखळात कुटत राहायचे, ते दाण्याला आपले तेल सुटेपर्यंत. तेलबी, लसूण, मीठ आणि दगडाचा घाव, पाणी नाही. हे नाते दाखवले की संवाद सुरू होतो : तेल बाहेरून का घालावे लागते, चिलगोजाचे तेल का पुरत नाही, दाणा भाजावा की न भाजावा. ‘म्हणजे आपली चटणीच’ या वाक्याने असा एकही प्रश्न सुचत नाही.

याच्या उलट टोकालाही एक मत आहे. ‘हे परक्यांचे खाणे, आपल्या घरात कशाला?’ असे ते म्हणतात. त्यांना उत्तर देण्यास फार शब्द लागणार नाहीत. ज्या काजूशिवाय पेडण्यातील घरच्या सणाचे पक्वान्न होत नाही तो काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात येथे आणला. त्याचे नावही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि त्यांच्या तोंडून आपल्या तोंडी आले. मिरचीही अमेरिकेतूनच आली. उलट, जेनोवावाले ज्या बेझिलसाठी प्राण टाकतात ते आपल्या सब्ज्याच्याच कुळातले, उष्ण प्रदेशातले झाड. युरोपात ते पाहुणे म्हणून गेले. तेव्हा परक्याचे म्हणून हाकलायचे झाल्यास आधी आपलीच फडताळे रिकामी करावी लागतील.

पण मग काजू आपला झाला तो कशाने? आमच्या प्रतिपादनाचा गाभा या प्रश्नात आहे. ‘काजू म्हणजे आपला बिब्बाच’ असे कोणी म्हणाले म्हणून तो आपला झाला नाही, जरी दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. डोंगरउतारावर लोकांनी तो लावला, राखला. बोंडूचा रस काढून हुर्राक आणि फेणी गाळली. बियांच्या टरफलातील तेल कातडी जाळते हे अनुभवाने जाणून त्या भाजण्याची, फोडण्याची, सोलण्याची रीत बसवली. त्या तेलाने बायकांची बोटे काळी पडली. ओल्या काजूगरांची उसळ कोणत्या महिन्यात करावी, डाग न पडता गर कसा काढावा, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकले गेले. वस्तू आपली होते ती श्रमाने. दाव्याने होत नाही.

ही गोष्ट आपल्यासारख्या घराण्यांना वेगळी सांगावी लागू नये. आपले पूर्वज कोणी सावंतवाडीकडून, कोणी घाटावरून, कोणी वतनाच्या तर कोणी पौरोहित्याच्या निमित्ताने या महालात उतरले. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, १९६१ साली मुक्त झाले. राजवटी बदलल्या, घरे राहिली. येथले म्हणवून घेण्याचा हक्क त्यांना आल्या दिवशी मिळाला नाही. जमीन कसून, देवळे सांभाळून, शाळा चालवून, येथली बोली शिकून तो मिळवावा लागला. ज्यांनी स्वतः रुजण्याची किंमत मोजली, त्यांच्या वंशजांनी एखादी वस्तू फुकट आपलीशी करू नये आणि फुकट नाकारूही नये.

आता या वादात पैशाचा आणि मानाचा जो प्रश्न आहे त्याकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या पेस्टोच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची तसदी घ्यावी. इटलीहून आलेल्या अनेक बाटल्यांवरही ऑलिव्हच्या जागी बहुतांशी सूर्यफुलाचे तेल असते आणि पाइनच्या बियांच्या जागी काजू. कारण सरळ आहे : काजू स्वस्त पडतो. आपल्या देशातही किन्नौरकडचा चिलगोजा काजूपेक्षा कितीतरी महाग असतो. म्हणजे आपल्या डोंगरावरचे जे फळ आपण पाहुण्यांपुढे मानाने ठेवतो, ते त्या बाटलीत स्वस्ताईची भर म्हणून जाते आणि ‘पेस्टो’ या नावाखाली आपल्याच घरी चढ्या किमतीने परत येते. बाटलीतला काजू पेडण्याचा असेल असेही नाही. भारतातील कारखाने आपल्या गरजेचा मोठा भाग आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या बियांवर भागवतात. गोव्याच्या दुकानांतूनही असा काजू ‘गोव्याचा’ म्हणून खपत आला. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. फेणीला ते २००९ सालीच मिळाले होते. परंतु मानांकन कागदावर असते. घरातल्या खलबत्त्यात ते उतरले नाही तर बागाईतदाराला त्याचा काय उपयोग? मोपाच्या पठारावर डिसेंबर २०२२मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे ज्यांच्या काजूच्या बागा गेल्या, त्यांना काजूची किंमत कोणी शिकवायला नको. उरलेल्या बागांची बी योग्य भावाने उचलली जावी असे वाटत असेल, तर येथल्या काजूला येथल्या घरात काम मिळाले पाहिजे.

जेनोवाच्या लोकांकडून घेण्यासारखे ते हेच. त्यांनी पेस्टोविषयी ‘म्हणजे अमुकच’ असे म्हणून हात झटकले नाहीत. जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या १८६३च्या जेनोवी पाककृतींच्या पुस्तकात ती कृती छापली गेली. तेव्हापासून ते लोक तिच्यावर भांडत आले आहेत. २००५ साली तेथील बेझिलला युरोपीय संघाचे संरक्षित उगमाचे मानांकन मिळाले. २००७पासून तेथे खलबत्त्याने पेस्टो कुटण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि अंतिम फेरीत शंभर स्पर्धक एका वेळी बत्ता चालवतात. कोणी याला पोरखेळ म्हणेल. आम्हांला त्यात एका गावाने आपल्या तोंडीलावण्याला दिलेली इभ्रत दिसते. त्यांनी कृती लिहिली, प्रमाण ठरवले, नाव राखले आणि मुख्य म्हणजे हात चालू ठेवला.

मग आपण काय करावे? आमचे म्हणणे असे की आपल्या घरांत काजूचे वाटण व्हावे, ते पेस्टोकडून शिकून व्हावे, परंतु पेस्टोची नक्कल म्हणून होऊ नये आणि त्याला चटणीचे खोटे नावही मिळू नये. केवळ उपदेश करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून कृतीही देतो.

काजू अख्खा घेण्याची गरज नाही. बाजारात ‘३२०’ म्हणून जो अख्खा गर मिळतो, म्हणजे ज्याचे सुमारे ३०० ते ३२० दाणे एका पौंडात बसतात, त्याची किंमत त्याच्या रूपाची असते. वाटायला पाकळी किंवा तुकडा तितकाच चांगला आणि बराच स्वस्त. मात्र एक दाणा चावून पाहावा. खवट असेल तर सगळे वाटण फुकट जाते. बी घरच्या चुलीत भाजण्याच्या फंदात पडू नये. टरफलाचे तेल उडते आणि त्याचा धूरही बाधतो. सोललेले ६० ग्रॅम गर मंद आचेवर तीन-चार मिनिटे नुसते गरम करावेत, तांबूस होऊ देऊ नयेत, आणि पूर्ण निवू द्यावेत. काजूत चिलगोजापेक्षा पिठूळपणा व गोडवा अधिक असतो. म्हणून त्याला आंबटाची जोड लागते. चीज वगळायचे तर काजूचे प्रमाण दुप्पट धरावे. वरचे ६० ग्रॅम त्याच हिशेबाने आहेत. दाटपणा त्यानेच येतो.

गर आधी कुटून रव्यासारखे करून बाजूला ठेवावेत. मग लसणीची एक पाकळी आणि जाडे मीठ खलात घ्यावे; त्यात बेझिलची धुऊन कापडावर पूर्ण कोरडी केलेली ६० ग्रॅम पाने थोडीथोडी घालावीत. मीठ येथे वाळूसारखे काम करते, पान फाटते आणि रस सोडते. बत्ता आपटू नये, कडेने फिरवावा. नंतर काजूचा रवा, अर्ध्या लिंबाचा रस आणि शेवटी धारेने ६० मिलिलिटर तेल. ऑलिव्हचे नसेल तर तिळाचे कच्च्या घाण्याचे चालते, पण त्याची चव पुढे येते हे ध्यानात धरावे. खोबरेल मात्र शीतकपाटात गोठते. मिक्सर वापरायचा झाला तर भांडे आधी थंड करावे आणि थांबून थांबून फिरवावे. पात्याच्या उष्णतेने व हवेने पान काळवंडते.

पानांविषयी दोन शब्द. आपल्याकडच्या सब्ज्याच्या पुष्कळ झाडांच्या पानांना बडीशेपेसारखा वास असतो. त्याचे वाटण वेगळे लागते, वाईट लागत नाही. परदेशी बेझिल कुंडीत दिवाळीनंतर उत्तम येते, पावसाळ्यात कुजते. तुरे खुडत राहिले तर पान कोवळे राहते. परंतु ‘नाहीतरी एकच कूळ’ म्हणून वृंदावनातील तुळस खलात घालण्याची सूचना आम्ही ऐकली आहे; तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. तिचा वास लवंगेच्या अंगाचा, तो काजूवर मात करतो. आणि ज्या तुळशीचे पान द्वादशीला तोडू नये असे आपल्या घरांनी पाळले, ती पास्त्यासाठी मूठमूठ ओरबाडणे हे नवेपण नव्हे, अजाणपण आहे. येथेही तोच दोष दिसतो : थोडे साम्य पाहिले की पुढचे जाणून घेणे बंद.

साठवणीबाबत तर हा दोष धोक्याचा ठरतो. ‘आपली चटणीच’ म्हणणारे असे समजतात की तेलात बुडालेले वाटण लोणच्यासारखे टिकेल. ते टिकत नाही. लोणच्याला मीठ आणि आंबट राखते. येथे कच्ची लसूण आणि ओले पान तेलाखाली, हवेवाचून राहते. अशा जागी बोट्युलिनम हा विषारी जंतू वाढू शकतो आणि वास किंवा रंग त्याची चाहूल देत नाहीत. कारखान्याच्या बाटलीत आम्ल घातलेले असते आणि ती उष्णतेने निर्जंतुक केलेली असते. घरच्या बाटलीत यांपैकी काही नसते, आणि लिंबाच्या दोन थेंबांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून हे वाटण शीतकपाटात ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे, अथवा लहान वड्या करून गोठवावे. आणि पाहुण्यांना वाढताना त्यात काजू आहे हे सांगावे. काहींना काजू जिवावर बेततो. घरी पर्यटक उतरवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

त्याला नाव काय द्यावे? ‘पेस्टो’ म्हणू नये, कारण जेनोवाच्या नियमात ते बसत नाही आणि उसने नाव लावून आपल्या काजूला पुन्हा दुय्यम करण्यात अर्थ नाही. ‘चटणी’ म्हणू नये, कारण आपली चटणी वेगळी आहे आणि ती वेगळीच राहावी. ‘काजू-सब्ज्याचे वाटण’ हे नाव आम्हांस पुरेसे वाटते. जे आहे ते त्यात सांगितले आहे. कोणास अधिक चांगले सुचल्यास आम्ही ते आनंदाने स्वीकारू.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. साहित्याला वाहिलेल्या पत्रिकेने खलबत्त्यात डोकावण्याचे कारण काय, असे काही सभासद विचारतील. कारण भाषेचे आहे. आपल्या घरांत वहीची भाषा मराठी राहिली आणि चुलीची कोंकणी. कीर्तन, नाटक, पत्रव्यवहार, जमाखर्च हे सारे मराठीत लिहिले गेले. रगड्यावर जे शिकवले गेले ते बोलीत, तोंडी, आणि बहुधा सुनेच्या कानात. ते वहीत आले नाही, कारण ते लिहिण्याजोगे आहे असे लिहिणाऱ्यांना वाटले नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाक घरोघर नेला, त्या मापात पेडण्याचा रगडा आपोआप येणार नव्हता, तो येथल्यांनीच लिहावयास हवा होता. आणि आजही जेव्हा कोणी ‘म्हणजे आपली चटणीच’ म्हणते, तेव्हा ‘कोणती चटणी? किती नारळ? कोणत्या महिन्यात?’ असे विचारले की उत्तर येत नाही. ज्या चटणीच्या जोरावर आपण दुसऱ्याचा पेस्टो गिळंकृत करतो, तिची कृती घरातल्या एकाच वृद्ध स्त्रीला ठाऊक असते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सभासद घराने आपल्याकडील दगडावरच्या तीन वाटणांची कृती या वर्षात लिहून काढावी. सांगणारी व्यक्ती ज्या शब्दांत सांगेल त्या शब्दांत लिहावी. ‘रगडो’ म्हटले तर ‘रगडो’ लिहावे. चिमूट, मूठ, करवंटी ही मापे तशीच ठेवून शेजारी ग्रॅममध्ये वजन द्यावे. त्यांतले एक वाटण काजूचे असावे, आणि काजू कोणत्या वाड्यावरचा हेही नोंदवावे. पुढच्या हंगामात, बी पडू लागण्यापूर्वी, ही पाने एकत्र करता येतील. ज्यांना पेस्टो करायचा आहे त्यांनी तोही एकदा त्याच्या नियमाने, चोख करून पाहावा. त्यानंतर तो आपल्या चटणीसारखा आहे की नाही, यावर वाद घालण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत.